कुणाला म्हणून सांगायचं नाही

इटोकोच्या चढावर इबिरोंके शोबोवाले यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्सचं मशीन, बाहेर धूर ओकणारा जनरेटर आणि आत एक लांबलचक लाकडी बाक. पाटीवर 'टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन' एवढंच लिहिलंय, पण नुसतं टायपिंग करून घ्यायला तिथे फारसं कुणी येत नाही. नायजेरियातल्या या अबेओकुटा शहरात ज्या कुणाला देशाबाहेर शिकायला किंवा कायमचं जायचं असतं, तो आधी त्या बाकावर येऊन बसतो. आणि बाई स्वतः? त्या जन्मात एकदाच परदेशी गेल्यात. शेजारच्याच देशात कोतोनूला, चुलतबहिणीच्या लग्नाला, तेही बसने, आणि दुसऱ्या दिवशी परत.

"आंटी, एवढे सल्ले देता, तुम्ही स्वतः कुठे गेलायत?" बँकेत नोकरीला असलेल्या एकाने एकदा खवचटपणे विचारलं होतं.

"अरे, सुईण काय दर वेळी स्वतः बाळंत होते?" इबिरोंके म्हणाल्या. "बस खाली. पासपोर्ट काढ."

पासपोर्टची मुदत चार महिन्यांत संपत होती आणि गृहस्थाला त्याचा पत्ताच नव्हता. त्यानंतर तो फक्त 'येस मा, येस मा' करत राहिला.

एकोणतीस वर्षं त्यांनी एका कॉलेजच्या कचेरीत काढली. बाहेरच्या विद्यापीठांना गुणपत्रिका पाठवायचं काम त्यांच्याकडे होतं. साहेबांची सही मिळायला आठ-आठ दिवस लागायचे आणि पोरं खेटे घालून घालून रडकुंडीला यायची. मग इबिरोंके ते कागद घेऊन सरळ साहेबांच्या घरी जायच्या, त्यांच्या बायकोशी गप्पा मारत बसायच्या आणि साहेब जेवायला बसले की ताटाशेजारी कागद सरकवायच्या. एका हाताला उकडलेला याम कंद लागलेला, दुसऱ्या हाताने सही. नवरा लवकर गेला, मुली लग्न होऊन इलोरिनला आणि लागोसला गेल्या. निवृत्त झाल्यावर घरात बसून भिंतींशी काय बोलणार, म्हणून हे दुकान काढलं. त्यालाही आता अकरा वर्षं झाली.

बाकावर बसलेल्याला त्या आधी तीन प्रश्न विचारतात. काय शिकणार? का शिकणार? शिकून झाल्यावर काय करणार? 'आधी जाऊ तर द्या आंटी, तिथे गेल्यावर बघू' असं कुणी म्हणालं की त्या चष्मा काढून ठेवतात. "नुसतं बघायचंच असेल तर ओलुमोच्या खडकावर चढ. वरून सगळं दिसतं, आणि व्हिसा लागत नाही." शंभर टक्के व्हिसा मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटांचा त्यांना भारी तिटकारा. "त्याला विचार, तुझा सख्खा भाऊ मग अजून कोपऱ्यावर पंक्चर का काढतोय?" एका शाळामास्तरने अर्जासोबतचा निबंध आणला, तर त्यात पहिल्याच ओळीत अंतःकरणात तेवणारी ज्ञानाची ज्योत. "ही ज्योत आधी विझव," त्या म्हणाल्या. "वर्गात पोरांना काय शिकवतोस, ते लिही." मास्तरला राग आला, पण लिहिलं, आणि त्याला प्रवेश मिळाला.

बाकी बारीकसारीक सल्ले तर त्या पान लावावं तसे लावून देतात. स्वेटर इथून नेऊ नकोस, तिकडची थंडी आपल्या स्वेटरला हसते. गारी, आपला कसाव्याचा रवा, आणि सुकी मिरची मात्र ने. घरी फोन करायच्या आधी रडून घे, मग फोन लाव, उलटं करू नकोस. पहिला महिनाभर रोज कुणाशी तरी बोल, बसच्या ड्रायव्हरशी का होईना. आणि कागदावर खोटं लिहायचं नाही, एक अक्षर नाही.

पण या सगळ्यांच्या वर त्यांचा एक नियम होता. जाण्याची गोष्ट कुणाला म्हणून सांगायची नाही. मित्राला नाही, साहेबाला नाही, चर्चमधल्या मावशीला तर मुळीच नाही. तसं हे अबेओकुटात कुणाला शिकवावं लागत नाही. माणूस शुक्रवारी शेजाऱ्याबरोबर पाम वाइन पितो, सोमवारी कामावर भेटू म्हणतो आणि रविवारी त्याचा बर्फातला फोटो येतो. शेजारी दोन दिवस रुसतो आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच गुपचूप इबिरोंकेंच्या बाकावर येऊन बसतो. लोक म्हणतात, गावाकडची माणसं नजर लावतात. ही गावाकडची माणसं कोण, ते कुणी सांगत नाही, पण भितात सगळे. इबिरोंकेंचा नजरेवर तेवढा विश्वास नव्हता. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं ते वेगळंच. एका नर्सने आनंदाच्या भरात वॉर्डमध्ये चॉकलेटं वाटली आणि तिच्याच मैत्रिणीने निनावी पत्र धाडून दिलं, की हिची प्रमाणपत्रं खोटी आहेत. प्रमाणपत्रं खरी होती, पण ते ठरेपर्यंत वर्ष गेलं आणि नोकरीही. तेव्हापासून बाईंनी कानाला खडा लावला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मोरोलाके पहिल्यांदा आली तेव्हा दुकानात गर्दी होती. तिने गुडघे टेकून नमस्कार केला आणि सगळे जाईपर्यंत बाकाच्या टोकाला गुपचूप बसून राहिली. सव्वीस वर्षांची मुलगी, पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायची. तीन प्रश्नांची उत्तरं तिने अशी दिली, की इबिरोंकेंना चौथा सुचेना.

"जमिनीखालचं पाणी शिकणार, आंटी. आमच्या भागातल्या निम्म्या विहिरींचं पाणी पिण्यासारखं नाही. विहीर खोदायच्या आधीच ते कळायला हवं. शिकून येईन आणि तेच करीन."

"हे डोक्यात कुणी भरलं?"

"माझे बाबा विहिरी खोदतात, मा."

तिचे बाबा म्हणजे बाबा कांगा. कांगा म्हणजे विहीर. माणसाचं खरं नाव अकान्बी, पण ते आता त्यांना स्वतःलाही आठवून सांगावं लागतं. चाळीस वर्षं खडक फोडून फोडून डावा कान गेलेला, हाताची बोटं मुळांसारखी. अर्ज गेला स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीसाठी. फी, राहणं, सगळं मिळणार होतं, पण अख्ख्या आफ्रिकेसाठी दोनच जागा होत्या. तीन महिन्यांनी उत्तर आलं. दोनातली एक मोरोलाकेची. इबिरोंकेंनी दुकानाचं दार लावून घेतलं आणि दोघींनी आवाज न करता नाच केला.

मग त्यांनी बाबा कांगांना बोलावून घेतलं. अर्जात पालक म्हणून त्यांचं नाव आणि फोन नंबर होता.

"बाबा, आता तोंडाला कुलूप. कुणीही विचारलं, मोरोलाके कुठे जाणार आहे म्हणे, तर काय म्हणाल?"

"म्हणेन, देवाची इच्छा असेल तर..."

"चुकलं! देवाला मध्ये घेतलंत की लोकांना संशय येतो. सरळ म्हणायचं, ती कुठे जात नाही. म्हणा बघू."

"ती कुठे जात नाही."

"मोठ्याने."

"मोरोलाके कुठे जात नाही!"

"शाबास. फोनवर कुणी विचारलं तरी हेच. मी स्वतः विचारलं तरी हेच."

बाबांना हे पटवून द्यायची गरज नव्हती. दुधाने तोंड पोळलेलं असलं की माणूस ताकही फुंकून पितो. थोरला मुलगा वासिऊ सात वर्षांपूर्वी जर्मनीला निघाला, तेव्हा घरी मेंढा कापला होता, ढोलवाले आले होते, दोन गाड्या भरून नातेवाईक विमानतळावर गेले होते. एजंटने दिलेला व्हिसा खोटा निघाला. वासिऊ दोन तासांत बाहेर आला, आणि नातेवाईक अजून फोटोच काढत होते. तो त्यानंतर अबेओकुटात राहिलाच नाही, कानोला निघून गेला. बाबांच्या मते हे सगळं मेंढ्याच्या वासाने झालं. वास लांबपर्यंत गेला.

ऑगस्टातल्या एका सोमवारी मोरोलाके दुकानात आली. नमस्कार करायचीसुद्धा विसरली. तिने फोन पुढे केला आणि इबिरोंकेंनी पत्र वाचलं. शिष्यवृत्ती समितीने नेहमीप्रमाणे पालकांना फोन केला होता. पालकांनी दोनदा ठामपणे सांगितलं, की आपली मुलगी कुठेही जात नाही आणि तिने असा कुठलाही अर्ज केलेला नाही. त्यामुळे अर्जातल्या माहितीबद्दल समितीला शंका वाटत असून, शुक्रवारपर्यंत खुलासा झाला नाही तर ही जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या उमेदवाराला देण्यात येईल.

बाबा कांगा आले ते ऐटीत. दुपारी खांद्यावर दोर घेऊन सरळ कामावरून.

"हो, आला होता की फोन! गेल्या बुधवारी. कुणी बाई होती, नाकातून इंग्रजी बोलत होती. मी म्हटलं, ही फोनवरून फसवणारी पोरं हल्ली बायकांचे आवाजही काढतात. मला म्हणते, तुमची मुलगी येणार ना? मी म्हटलं, नो! माय डॉटर गो नोव्हेअर! ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, नक्की म्हणजे? ती तर बसमध्ये बसली तरी ओकते, विमानात काय बसणार!" ते स्वतःच हसले. "कशी जिरवली, मॅडम?"

मोरोलाकेने त्यांच्या चांगल्या कानाशी जाऊन पत्रात काय आहे ते सांगितलं. बाबा कांगांनी खांद्यावरचा दोर काढून खाली ठेवला. मग त्यावरच बसले.

इबिरोंकेंच्या तोंडात पहिलं आलं ते हेच, की अहो बाबा, शेजारीण वेगळी आणि स्कॉटलंडची बाई वेगळी, एवढंही कळू नये? अर्धं वाक्य त्या बोलल्यासुद्धा. मग त्यांना आपलाच आवाज आठवला, 'फोनवर कुणी विचारलं तरी हेच,' आणि उरलेलं अर्धं वाक्य त्यांनी गिळलं. त्या माणसाने शिकवल्याबरहुकूम केलं होतं. वरून पदरचा बसचा किस्साही घातला होता. मुलीच्या आयुष्यातली ही एकुलती एक जागा, आणि ती आपल्या सल्ल्याने चालली होती.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. अकरा वर्षांत हे शब्द त्या दुकानात पहिल्यांदाच उच्चारले गेले असावेत.

मग पत्र लिहायला बसल्या. पहिला मसुदा झाला तो इतका भारदस्त, की त्यांना त्या शाळामास्तरची आठवण झाली. फाडला. दुसऱ्यात, वृद्ध गृहस्थांना ऐकू कमी येते, असं लिहिलं. ते खरंही होतं, पण कारण ते नव्हतं. तोही फाडला. आमच्याकडे माणूस जाणार असला की ते लपवतात, हे त्या थंड देशातल्या बाईला कसं सांगायचं? शेवटी सरळ लिहिलं. 'आमच्या लोकांत परदेशी जाण्याची गोष्ट निघेपर्यंत गुप्त ठेवतात, आणि या गृहस्थांना तसं बोलायला मी शिकवलं. तुम्ही कोण हे त्यांना कळलं नाही. मुलीच्या अर्जातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. दोष माझा आहे, शिक्षा तिला होऊ नये.' खाली सही, पत्ता, फोन नंबर.

बुधवारी उत्तर आलं. समिती गुरुवारी अकरा वाजता पुन्हा फोन करील. वडिलांनी स्वतःच बोलावं, त्यांच्या भाषेत. योरुबा जाणणारा दुभाष्या समिती देईल. कृपया त्यांना काहीही पढवू नये. ते शेवटचं वाक्य इबिरोंकेंना झोंबलं, पण बोलतात काय?

बाबांच्या घरी रेंज नव्हती, म्हणून फोन दुकानात घ्यायचा ठरला. गुरुवारी नेमकी लाइट गेली. जनरेटर चालवला तर त्याच्या भडभडीत काही ऐकू येणार नव्हतं, म्हणून तोही बंद. इबिरोंकेंनी बाकावरच्या पाच-सहा गिऱ्हाइकांना बाहेर काढून दार लावलं, तर पंख्याशिवाय आत भट्टी झाली. बाबा कांगांना घामाच्या धारा लागल्या. दार उघडावंच लागलं. त्यात बाबांचा कान असा, की फोन स्पीकरवर, आवाज पूर्ण. बाहेर काढलेली माणसं दारातच उभी, त्यांच्या मागे समोरची बिसीची आई; तिने आपली आकाऱ्याची, म्हणजे चवळीच्या भज्यांची, कढई खाली उतरवून ठेवली होती.

"बिसीची आई, तुमचं तेल थंड होतंय," इबिरोंके म्हणाल्या.

"होऊ द्या. गरम करायला कितीसा वेळ लागतो?"

फोन वाजला. दुभाष्या आवाजावरून इजेबूकडचा वाटत होता. त्याने रीतसर विचारपूस केली. झोप, तब्येत, घर, काम. मग म्हणाला, "बाबा, या बाईंना विचारायचंय. मोरोलाके तुमची मुलगी?"

"हो."

"ती इकडे शिकायला येणार आहे, हे तुम्हाला माहीत आहे?"

बाबा कांगांनी दाराकडे पाहिलं. तिथे आठ-दहा तोंडं होती आणि एकेका तोंडाला दहा घरं. वासिऊचा मेंढा त्यांच्यातल्या दोघातिघांनी तरी खाल्ला होता. मोरोलाके खाली बघत उभी होती आणि इबिरोंकेंनी टेबलाची कड धरून ठेवली होती.

"बाबा, ऐकू येतंय का?"

"येतंय," बाबा म्हणाले. "माहीत आहे. माझी मुलगी जाणार आहे."

दारात कुणीतरी 'अरे देवा!' म्हणालं. बिसीच्या आईने त्याला चापट मारून गप्प केलं.

"मग त्या दिवशी ती कुठे जात नाही, असं का म्हणालात? बाई म्हणतात, पत्रातलं कारण त्यांनी वाचलंय, पण तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"ते मी त्यांना..." इबिरोंके पुढे सरसावल्या. बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"मॅडमनी सांगितलं होतं, कुणाला सांगायचं नाही. ते खरंय. मी लोकांच्या तोंडाला घाबरतो, तेही खरंय. पण बाईंना सांग बाळा, मला कळलं होतं. फसवणारी पोरं नाहीत, ही तिकडचीच बाई आहे, हे पहिल्या दोन मिनिटांत कळलं होतं. एवढा काही मी मूर्ख नाही."

मोरोलाकेने मान वर केली.

"मला ते वाक्य पाठ होतं. ती कुठे जात नाही. तोंडातून आलं, आणि म्हटल्यावर इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की मी पुन्हा म्हटलं. हिची आई जाऊन चार वर्षं झाली. मी विहिरीत उतरायच्या आधी, सकाळी घरातून निघताना, ही माझा दोर बघते. हातभर हातभर करून सगळा बघते, गाठ ओढून बघते, मग मला जाऊ देते. मला वाटलं, आता दोर कोण बघणार? एवढंच. बसमध्ये ओकते, तेही खोटं. लहानपणी एकदाच ओकली होती."

बाबांनी फोन आणखी जवळ ओढला.

"पण ते माझं झालं," बाबा म्हणाले. "खोटं मी बोललो. मुलगी खोटी नाही. तिला पाणी कळतं. माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही तिला घ्या. मी सांगतो, ती जाणार आहे. लिहून घ्या."

दुभाष्याने इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. सांगताना तो दोनदा थांबला. इबिरोंकेंना आपली लाज वाटली. गेली अकरा वर्षं त्या जाणाऱ्यांना खोदून खोदून विचारत होत्या, आणि मागे राहणाऱ्यांना फक्त गप्प बसायला सांगत होत्या. या म्हाताऱ्याला मोठ्याने म्हणायला लावलं होतं, आणि वर शाबासकी दिली होती.

स्कॉटलंडच्या बाईंचं बोलणं झालं. दुभाष्या परत योरुबात आला. "बाबा, त्या म्हणतात, तुमचे आभार. जागा तिचीच आहे. पत्र उद्या निघेल."

फोन बंद झाला. एरवी अशा वेळी टाळ्या वाजतात, गाणं सुरू होतं; आज दारातले सगळे मोरोलाकेकडे बघत होते. मोरोलाके बाबांच्या समोर गुडघ्यांवर बसली होती. नमस्काराला बसतात तशी नाही, त्यांचे दोन्ही हात धरून.

"बाबा, मी नाही जात," ती म्हणाली. "फोन करून सांगते त्यांना. मी नाही जात."

बाबा कांगांनी उपरण्याने तोंड पुसलं. मग दारातल्या एकेका माणसावरून नजर फिरवली, बिसीच्या आईपर्यंत.

"ए पोरी," ते म्हणाले, "या एवढ्या सगळ्यांच्या देखत मी आज खरं बोललोय. आता मला खोटं पाडू नकोस."